फिलोमेनाने घासलेली गढी

आल्प्सच्या डोंगरातल्या गढ्या पाहायला येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक भुतांची चौकशी करणारी, दुसरी छळाच्या कोठडीची. तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे काहीतरी वाचून आलेलं माणूस मी आमच्या दरीत अजून पाहिलेलं नाही. गाडी थेट दारापर्यंत आणतात आणि पायात मात्र बर्फाची शिखरं चढायचे बूट. ग्रीसेकच्या गढीत ते बूट उंबऱ्याबाहेरच काढावे लागत, कारण किल्ली फिलोमेनाकडे होती.

फिलोमेना उंटरहोफर. गढीच्या पायथ्याचं सफरचंदांचं शेत तिच्या बापाचं. दक्षिण टिरोलात आम्ही शेताचे तुकडे करत नाही. सगळं एकाला जातं. बाकीच्या भावंडांना एक खोली आणि जेवणाच्या टेबलाचं शेवटचं टोक. बागा, गोठा आणि वरचं जंगल तिच्या भावाला, सेराफिनला मिळालं. फिलोमेनाला बापाने गढीची किल्ली दिली. गढीचे मालक काउंट तिकडे व्हिएन्नात. किल्ली पिढ्यान्‌पिढ्या खालच्या शेतावरच असायची आणि कोणी पाहुणा आला की शेतावरचं कोणीतरी हात पुसत वर जाऊन दार उघडायचं. किल्ली नसती तर फिलोमेना भावाच्या घरची बिनपगारी मोलकरीण असती. किल्ली होती म्हणून ती 'गढीवरची फिलोमेना' होती, आणि हा फरक तिला पक्का ठाऊक होता.

मी गावच्या शाळेत इतिहास शिकवला, त्याआधी इन्सब्रुकला तो नीट शिकले. त्यामुळे तिचं गढी दाखवणं ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. बाईला कुठल्या काउंटनं काय केलं याचा पत्ता नाही, आणि माहिती करून घ्यायची इच्छाही नाही.

"हा मोठा दिवाणखाना," ती सांगायची. "फरशी लाकडाची. रेती आणि साबणाने घासते. इथे हे कोपऱ्यात बघा, डाग होता. आता दिसतोय? नाही दिसत. चला पुढे."

"आणि या चित्रातले गृहस्थ कोण?" एखादा जर्मन काठीवर रेलून विचारायचा.

"काउंट. चौकट फार किचकट आहे त्याची, नक्षीत धूळ बसते. काठी टेकू नका."

"इथे भुतं आहेत म्हणे?"

"धूळ असते तिथे भुतं असतात. इथे नाहीत."

मिलानच्या एका बाईने ऑगस्टच्या उकाड्यात छळाची कोठडी पाहायचा हट्ट धरला, तेव्हा फिलोमेना म्हणाली, "तिथे बटाटे ठेवतो. हवे असतील तर देते." काउंट घराण्याबद्दल तिचं एकच ठाम मत होतं: "एवढी वर्षं राहिले, एक न्हाणीघर बांधलं नाही मेल्यांनी."

मी तिला कितीदा सांगितलं, "अगं, चार तारखा तरी पाठ कर."

"तारखा पुसून चकचकीत होतात का, बाई?"

गाव मला बाई म्हणतं, म्हणून तीही म्हणायची. मान त्यात कितपत होता, देव जाणे.

मग काउंट म्हातारा झाला, कंटाळला आणि त्याने गढी बोत्सेन शहरातल्या एका संस्थेला देऊन टाकली. जुन्या वास्तू जपणारी संस्था. अशा संस्थांत वास्तूंपेक्षा सभासद जुने असतात. पण त्यांनी पाठवलेली डॉक्टर वेरेना तरुण होती. औषधाची नव्हे, कलेतिहासाची डॉक्टर. वसंतात ती आली, दिवाणखान्यातून नाक वर करून गेली, चित्रं तिने नकली ठरवली, आणि स्वयंपाकघराचं दार उघडताच तिचा श्वासच अडकला. छतापासून चुलीपर्यंत सगळं कोळशासारखं काळं. धुराडं नसलेलं, जुन्या घडणीचं, धूर भिंतीवर जिरवणारं स्वयंपाकघर. दरीत असं दुसरं उरलं नाही. ती भिंतीला गाल लावायचीच काय ती बाकी राहिली.

"पाचशे वर्षांची काजळी!" ती म्हणाली.

"निम्मी हिच्या आजोबांची," मी म्हटलं. "ते इथे डुकराचं मांस धुरावायला टांगायचे."

डॉक्टरांना ते आवडलं नाही. विद्वान माणसांना खरी माहिती नेहमीच गैरसोयीची वाटते. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवून फिलोमेनाला सांगितलं, "या स्वयंपाकघरासाठीच आम्ही गढी लोकांना दाखवणार. शरद ऋतूत सगळी समिती घेऊन येते. किल्ली तुमच्याकडेच राहावी असं मी सुचवणार आहे. फक्त इथे कशालाही हात लावू नका."

फिलोमेनाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. मला वाटलं, किल्ली राहणार म्हणून. तसं नव्हतं. आख्खी समिती, कोटटायवाली माणसं, तिच्या ताब्यातलं सगळ्यात घाण ठिकाण बघायला येणार होती, आणि तेवढंच बघणार होती.

द्राक्षं काढायच्या सुमाराला ती मला दुकानात भेटली. हातात तारेचा ब्रश आणि खांद्याला चुन्याची पिशवी.

"फिलोमेना, हात लावू नकोस असं सांगितलंय ना त्यांनी?"

"हात कोण लावतंय? सेराफिनच्या गोठ्याला लागतो चुना," ती म्हणाली आणि चालू लागली. सेराफिनचा गोठा, मला दुसऱ्या दिवशी दिसला तसा, वर्षानुवर्षांच्या शेणाने रंगलेला होता आणि पुढेही तसाच राहिला. पण मी ते फारसं मनावर घेतलं नाही. इतका अडाणीपणा कोणी करील असं मला वाटलं नाही.

समिती आली. इतिहासाची जाणकार म्हणून मलाही बोलावलं होतं. अध्यक्ष म्हणजे धापा टाकणारा एक लठ्ठ गृहस्थ. त्याला गढीपेक्षा जेवणाच्या वेळेची काळजी. बूट काढून, मोजे दाखवत सगळे पुढे निघाले. डॉक्टर वेरेना वाटभर 'अस्सल' या शब्दाचा रतीब घालत होत्या. "आणि आता," त्या म्हणाल्या, "आमचं रत्न!" त्यांनी दार ढकललं.

डोळे दिपले. भिंती दुधासारख्या पांढऱ्या, छत पांढरं, चुलीचे दगड पिवळसर गुलाबी निघालेले. चुन्याचा ताजा वास. खिडकीत लाल फुलांची कुंडी, टेबलावर चौकटीचं कापड, त्यावर सफरचंद भरून भाजलेला गरम स्ट्रुडेल आणि तिच्या आईच्या बशा. फिलोमेना बाजूला उभी होती, केस नीट चापून, चर्चला जायच्या पोशाखात.

"काजळी?" डॉक्टरांनी भिंतीवरून बोट फिरवलं.

"गेली एकदाची. राखेच्या पाण्याने खरवडली, मग चुन्याचे दोन हात दिले."

"पाचशे वर्षांची होती हो ती!"

"तेच म्हणते मी. पाचशे वर्षं कुणाला लाज वाटली नाही."

डॉक्टर चुलीच्या कट्ट्यावर बसल्या आणि चक्क रडल्या. पदवी घेतलेल्या बाईने काजळीसाठी रडावं! मी रागावले होते, नाही असं नाही. भिंतीवर वाचण्यासारखं जे होतं ते या बयेने खरवडून गटारात ओतलं होतं. पण रडून भिंत काळी होते थोडीच?

अध्यक्षांनी तोवर स्ट्रुडेल संपवला होता. तोंड पुसत ते म्हणाले, "झालं ते झालं. बाई कष्टाळू दिसतात. पाहुणे आमची शिकलेली मुलं फिरवतील. तुम्ही साफसफाई बघा, फिलोमेनाबाई. किल्ली ठेवा तुमच्याकडे. काय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी नाक पुसलं. "पाणी अजिबात नाही. साबण नाही, रेती नाही. मऊ ब्रश, तोही वरवर फिरवायचा. माझ्यादेखत."

"कोरडा?" फिलोमेनाने विचारलं.

"कोरडाच."

"म्हणजे इथली धूळ उचलून तिथे बसवायची."

"त्याला जतन म्हणतात."

"आमच्याकडे त्याला आळस म्हणतात."

मी तिचा दंड धरला. "मूर्खपणा करू नकोस. हो म्हण. किल्ली तरी राहील हातात."

"किल्ली घेऊन काय करू, बाई? रोज दार उघडून घाण बघत बसू?"

"आणि खाली काय करणार आहेस? सेराफिनच्या बायकोची भांडी?"

तिने दंड सोडवून घेतला. चेहरा पांढराफटक पडला होता. काय सोडते आहे ते तिला कळत होतं, कुणाहीपेक्षा जास्त. पण कंबरेची किल्ली तिने काढली, एप्रनच्या टोकाने घासून पुसली आणि टेबलावर ठेवली. मग अध्यक्षांच्या हातातली बशी काढून घेतली, बाकीच्या गोळा केल्या, त्या तिच्या होत्या, आणि टोपलीत भरून डोंगर उतरून गेली.

आता गढीत तिकीट काढून जायचं असतं. शिकलेली मुलं भुतं दाखवतात, अधूनमधून ऐकणाऱ्याला रडू येईल असा सुस्काराही टाकतात. फिलोमेना सेराफिनच्या टेबलाच्या शेवटच्या टोकाला जेवते आणि नीट घासलीत का म्हणून सगळ्यांच्या ताटांत नाक खुपसते. परवा मी शेतावर बसले होते, तेव्हा काठ्या घेतलेलं एक जोडपं कुंपणापाशी थांबलं.

"गढी उघडी आहे का हो?"

फिलोमेनाने सफरचंदं निवडताना मानही वर केली नाही.

"उघडी आहे," ती म्हणाली, "पण आत जाण्यासारखी नाही."