पाचोडच्या पडद्यावरची शकूताई

फोन आला तेव्हा मी पाचोडच्या आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होते. पलीकडून मधुकरदादांचा, शकूताईच्या थोरल्या भावाचा, आवाज आला. "सविता, आपली शकू..." एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला. पुन्हा लागला, पुन्हा कटला. बाजाराच्या दिवशी आमच्याकडं रेंजचे हेच हाल असतात. पाण्याच्या टाकीपाशी जरा बरी रेंज मिळते, म्हणून भाजीची पिशवी तिथंच सोडून मी तिकडं निघाले. काय झालं असेल ते कळून चुकलं होतं. तरी वाटत होतं, फोन लागूच नये... लागत नाही तोवर ताई आहे. टाकीपाशी तो पहिल्याच झटक्यात लागला.

संभाजीनगरला डी.एड. करताना वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती माझ्या पुढच्या वर्गात. खेड्यातून आलेली मी पहिल्या दिवशी ट्रंकेवर बसून रडत होते, तर ती म्हणाली, "रडायचं असंल तर रड, पण आधी जेवून घे. मेस बंद व्हायलीय." पुढं मी पाचोडच्या शाळेत लागले आणि ती शहरातल्या शाळेत गणित शिकवत राहिली. लग्न केलं नाही, दादांजवळच राहिली. मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. पलंगापासून खिडकीपर्यंत गेलं तरी दम लागायचा. नोकरी सोडावी लागली, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं. मला वाटलं, आता ही मिटून जाणार. तर एक दिवस तिचाच फोन. "सविते, तुमच्या विहारातल्या अभ्यासिकेत दहावीच्या पोरी बसतात ना? गणिताला कोण हाय त्यांना?"

"कुनी नाय, ताई."

"मग मी हाय की. बसूनच तर शिकवायचंय."

तिच्या शाळेनं मोडीत काढलेला एक जुना संगणक तिनं मागून घेतला. नवं विंडोज त्याला पेलत नव्हतं, म्हणून पडल्या पडल्या शिकून तिनं त्यात लिनक्स टाकलं. "हे म्हाताऱ्यांना सांभाळून घेतं," असं म्हणायची. जीपनं तो डबा पाचोडला आला आणि बुधवारी संध्याकाळी ताई आमच्या पडद्यावर दिसायला लागली. नाकाखालची नळी बघून पोरी आधी बिचकल्या. नंतर त्यांना सवय झाली. गणिताच्या दोन पायऱ्यांमध्ये ताई श्वास घ्यायला थांबायची, तेवढ्यात आमची रोहिणी, जी शाळेत कधी तोंड उघडायची नाही, पुढची पायरी हळूच सांगून टाकायची. "व्हय, बरोबर," ताई म्हणायची, "माझा दम वाचवला बघ तू." ताईनं ती खोली कधी प्रत्यक्ष पाहिली नाही, पण तिथलं सगळं तिला ठाऊक होतं. कोपऱ्यातला माठ कोरडा पडला तरी तिकडून ओरडायची.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आणि विजेच्या झटक्यात विहारातला राउटर जळाला. नवा बसवला. सगळ्यांच्या फोनवर नेट सुरू, एकट्या संगणकाला मात्र काहीच मिळेना. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ताईची आकडेमोड इतक्या पोरींना दिसणार कशी? मोबाइल दुकानवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, भंगारात द्या याला." मी ताईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू बस त्याच्यापुढं. मी इथून सांगते."

"ताई, मला नाय जमायचं गं."

"तुला नाय जमायचं, तर मी येते तिकडं." एवढं बोलली आणि तिला जी ढास लागली ती थांबेचना. मी मुकाट्यानं खुर्ची ओढली.

दोनतीन संध्याकाळी आम्ही तेच केलं. मी काळ्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचायची, ती तिकडून पुढची सांगायची. तिचं बोलणं दिवसेंदिवस तुटक होत चाललं होतं. वायफायचं कार्ड संगणकाला दिसतंय का? दिसतंय. ते चालवणारी फाइल जाग्यावर आहे का? आहे. शेवटी तिनं आसपासच्या वायफायची यादी काढायला लावली. "वाच. काय काय हाय?"

"शेजारच्या किराणा दुकानाचं नाव दिसायलंय. आपलं नाय."

मला वाटलं फोन कटला. मग यंत्राची घरघर ऐकू आली आणि त्या घरघरीतून तिचं हसू. "अगं सविते, कान शाबूत हायेत त्याचे! शेजाऱ्याचं ऐकू येतं म्हंजे काय... नवा राउटर नुसत्या नव्या लहरीवर बोलायलाय. ह्याला जुनीच कळते. दोन्ही चालू कर." तिनं सांगितलं तसं मी माझ्या फोनवरून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद असलेली जुनी लहर सुरू केली. थोड्या वेळानं यादीत विहाराचं नाव उगवलं. मी पासवर्ड टाकला.

पडद्यावर ताई आली तशा पोरींनी टाळ्या पिटल्या. ती घामानं डबडबली होती. डोळे पुसले आणि म्हणाली, "टाळ्या बास. वह्या काढा."

पोरी पास झाल्या. रोहिणीला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. ताई म्हणाली, "थंडी सरली की गाडी सांगून ठेव. मला पाचोडला यायचंय. पोरींना मी बसलेलंच बघितलंय गं... उभ्या राहिल्या की केवढ्या दिसतात, ते बघायचंय." गाडी ठरवायची वेळ आलीच नाही. अंत्यदर्शनाला सगळ्या पोरी शहरात गेल्या, तिच्या पलंगाभोवती उभ्या राहिल्या. रोहिणी तर माझ्याही डोक्याच्या वर गेलीय. मला तेवढं ताईला सांगायचं होतं...

परवा दादांना भेटायला गेले. बुधवार होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात गेले, तांदूळ धुतले, कुकर भरला, झाकण लावलं. आणि गॅस न पेटवताच बाहेर येऊन बसले. "भूक लागली असंल तुला," ते म्हणाले, "पण जरा दम धर. शिट्टी झाली की तिकडं पोरींना ऐकू जाती. शकू लई चिडती..."

बोलता बोलता ते थांबले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तास सुटायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं आवाज न करता तसेच बसून राहिलो.