यमाचं पान

देवपुरात पांझरा नदीच्या घाटावर भिकुबाई चित्रांची पानं मांडून बसायची. पानं तिच्या बापानं रंगवलेली. तो जन्मभर एका वैद्याकडे खलात औषधं घोटत होता, म्हणून त्याच्या चित्रांत शंकर म्हणजे पारा, पार्वती म्हणजे गंधक, आणि दोघांच्या पायाशी स्वतःचंच शेपूट गिळणारा नाग. बायका शकुनासाठी एक पान उचलत, भिकुबाई अर्थ सांगे. रेड्यावरचा यम निघाला की बाई पांढरीफटक पडायची. भिकुबाई हसायची. "घाबरू नको माय. पारा मरस तव्हयच त्यानं औसद व्हस. जुनं जास, नवं येस." बाई हलकी होऊन घरी जायची.

१९१८ साली मानमोडीच्या तापाची साथ आली आणि घरोघरी तिरड्या बांधल्या जाऊ लागल्या. आता यमाचा गोड अर्थ कोणत्या तोंडानं सांगणार? भिकुबाईनं ते पान गुपचूप काढून पेटीत टाकलं. माणसाला धीर नको का? पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पानं पिसताना ती पेटीकडं पाठ करून बसे.

शेजारच्या गल्लीतल्या भागाबाईला सूर्याचं, म्हणजे आरोग्याचं, पान निघालं होतं. त्या भरवशावर तिनं तापानं फणफणलेल्या थोरल्या पोराला कापूस वेचायला नेलं. तिसऱ्या दिवशी पोर गेलं. आठ दिवसांनी ती धाकट्याला कडेवर घेऊन पुन्हा घाटावर आली. त्याचंही अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं पान उचललं. शंकर-पार्वती! भागाबाईचा चेहरा उजळला.

"चांगलं शे ना, अक्का?" म्हणत ती तिथंच पोराला पदरानं वारा घालत बसली.

चार बायकांदेखत खरं बोललं तर उद्यापासून चूल बंद. गप्प बसलं तर हेही पोर जाणार. भिकुबाईनं सगळी पानं भागाबाईसमोर उघडी फेकली. त्यात एकही वाईट नव्हतं.

"यमनं पान मी काढी टाकं शे! बठ्ठा पानं चांगलाच शेतस. पोऱ्याले दवाखानामा ली जाय, पळ!"

भागाबाई उठली, चार पावलं पळाली आणि वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच भिकुबाईला सोसवलं नाही.

"मंग मन्हा मोठाना टाइमले का बरं नही सांगं, अक्का?"

धाकटा वाचला. भिकुबाई पुढं सतरा वर्षं लोकांची दळणं दळून जगली, आणि समोरून भागाबाई येताना दिसली की गल्ली बदलायची.