शिंदळ माकुडीच्या पायी

एखादं झाड वाचवायला चार माणसं एकत्र आली, की त्या झाडाला फुलं कमी आणि किस्से जास्त लागतात. आमच्या मंचरच्या रविवार ग्रुपचं तसंच झालंय. ग्रुप म्हणजे मी, कळंबला मेडिकल चालवणारा. सुलभाताई, बॉटनीच्या रिटायर्ड प्राध्यापिका. आणि जीपवाला गेनूभाऊ. झाड म्हणजे शिंदळ माकुडी. अख्ख्या जगात फक्त आपल्या सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उरलेलं. कडे फुटतात, रस्ते रुंदावतात, तशी तिची जागा जाते.

*

जुन्नरकडच्या एका डोंगरावर, देवीच्या वाटेला, ताईंना ती पहिल्यांदा दिसली. ताई तिथंच कड्यावर पालथ्या झोपल्या. खालून दोघं-तिघं धावत आले. "बाई, पडलात का काय?"

"पडले नाही, बघतेय. तुम्हीही बघा," म्हणत त्यांनी भिंग पुढं केलं.

थोड्या वेळानं दर्शनाची मंडळी वर आली, तर कड्यावर सगळेच ओळीनं पालथे!

*

फूल छोटं, चांदणीसारखं, गडद तांबडं, वर पिवळे ठिपके. पुण्याहून आलेल्या एका साहेबांनी कौतुकानं नाक जवळ नेलं आणि झटकन मागं सरकले. वास कुजकट.

"साहेब," गेनूभाऊ शांतपणे म्हणाला, "त्ये माश्यांना बोलावतंय. तुमी मधीच गेला."

*

मग कळलं, देवीपर्यंत गाड्या जाव्यात म्हणून तोच कडा फोडायचं चाललंय. आम्ही तिथल्या गावच्या ग्रामसभेला गेलो. ताईंनी झाडाचं नाव घेतलं आणि मागं खसखस पिकली. 'शिंदळ' ही बाईला द्यायची शिवी, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

सरपंच मंगलताई उठल्या. "हसून झालं? नाव कुनी ठेवलं मला म्हाईत न्हाई. पर जी जगात कुठं घावत नाय, ती आपल्या डोंगरावर ऱ्हाती. आता बोला."

मागून एक जण म्हणाला, "शेजारच्या गावात न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या."

त्या दिवसापासून गावात पाहुणा आला की चहाआधी त्याला कडा दाखवतात. आम्हाला कुणी विचारत पण नाही.

*

पण रस्ता डोंगराच्या दुसऱ्या अंगानं न्यायचा, तर मंगलताईंच्या सासऱ्यांच्या, तात्यांच्या रानातून पट्टी जात होती. जमीन त्यांच्या नावावर. ते म्हणाले, "आदी झाड दावा."

नेमका उन्हाळा. तेव्हा माकुडीची पानं गळून नुसत्या काड्या राहतात. "पावसाळ्यानंतर या, फुलं दिसतील," असं सुलभाताईंनी सांगून पाहिलं. तात्या ऐकेनात. काठी टेकत, बसत-उठत वर आले.

ताईंनी बोट केलं. मंगलताई दुसरीकडं बघायला लागल्या. मला तर कळेना, या काड्यांसाठी कुणाचं रान कुठल्या तोंडानं मागायचं.

तात्या खाली बसले. एक काडी दोन बोटांत धरून हळूच दाबली.

"वाळलंय कुठं?" ते म्हणाले. "आत वल हाय. जीव धरून बसलंय."

मग सुनेचा हात धरून उठले. "चला खाली. रस्त्याच्या खुंट्या कुठं ठोकायच्या ते दावतो."