भावाच्या अंगातलं माझं रक्त

माझ्या धाकट्या भावाच्या अंगात आज जे रक्त आहे ते माझं आहे. एकदा बाटलीतून दिलं आणि संपलं, असं नाही. त्याच्या हाडांच्या आत ते रोज नव्यानं तयार होतं. हे मी आता कुणालाही सांगू शकते, पण सांगताना अजूनही मध्येच थांबते.

मी जळगाव जामोदच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकात मूलपेशींचा भाग आहे. ‘अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपासून रक्तपेशी तयार होतात, याच्याखाली रेघ मारा, परीक्षेत येतं,’ असं मी कित्येक वर्षं सांगत आले होते. मुलं रेघ मारायची, मी पान उलटायची.

भाऊ गावाजवळच्या आमच्या शेतात वांगी आणि मिरची लावतो. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस. एका हिवाळ्यात तो बांधावर बसायला लागला. दहा पावलं चालायचा आणि बसायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. मग आईला त्याच्या पायांवर जांभळे ठिपके दिसले. आई म्हणाली, खाऱ्या पाण्यानं झालं असेल. आमच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं, त्यामुळे कुठल्याही दुखण्याचा आळ आधी पाण्यावर जातो. गावातल्या लॅबवाल्यानं त्याचं रक्त तपासलं आणि पुन्हा बोलावून दुसऱ्यांदा काढलं. आपल्या मशीनवर त्याचा विश्वास बसेना. दुसऱ्या वेळीही तेच आलं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या पेशी, तिन्ही तळाला गेलेल्या.

आम्ही बसनं नांदुऱ्याला आलो आणि तिथून रेल्वेनं नागपूरला.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या कमरेच्या हाडात सुई घालून मज्जेचा नमुना काढला. मी विज्ञानाची शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. आधी एका निरोगी माणसाची काचपट्टी दाखवली. शुक्रवारच्या बाजारासारखी दाटी, जांभळ्या ठिपक्यांना ठिपके लागलेले. मग भावाची. जिकडेतिकडे रिकामे पांढरे गोळे, नुसती चरबी, आणि मध्येच कुठे एखादी चुकार पेशी.

“रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच संपत आल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “बहुतेकदा कारण सापडत नाही.”

आईनं दारातून विचारलं, “पाण्यानं त नाही ना झालं?”

“पाण्यानं झालं असं म्हणता येणार नाही, आई. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.”

उपाय एकच चांगला होता, दुसऱ्या कुणाच्या मूलपेशी त्याला देणं. त्यासाठी भावंडांच्या पेशींचं त्याच्या पेशींशी जुळतं का ते बघायचं. सख्ख्या भावंडात ती शक्यता चारात एक. हा हिशेब मी आनुवंशिकतेच्या धड्यात फळ्यावर चार चौकोन काढून दरवर्षी शिकवते. वाटाण्याच्या शेंगांचा चालतो तोच हिशेब आता आमच्या घराला लागला होता. मधल्या बहिणीचं अर्धंच जुळलं. माझा निकाल फोनवर कळला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होते. मॅडम म्हणाल्या, “तुमचं पूर्ण जुळतंय.” मी लाल पेन खाली ठेवला आणि बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत बसले.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, तुले काही होत असन त मले नाही पाह्यजे ते.”

“मले काही होत नाही. माह्या अंगात ते पुन्हा तयार होते.”

“खरं सांगून राह्यली का मन राखून राह्यली?”

“पुस्तकात आहे,” मी म्हणाले. आणि त्या क्षणी मला कळलं की आपणही ते फक्त पुस्तकातच वाचलंय.

मला पाच दिवस इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवसापासून कंबर, छातीचं मधलं हाड, मांड्या, सगळीकडून ठणका सुरू झाला. ताप आल्यावर अंग दुखतं तसं हे नव्हतं. दुखणं हाडाच्या पोटातून येत होतं. मॅडम म्हणाल्या, औषधानं आत इतक्या पेशी तयार होताहेत की त्या मज्जेतून बाहेर रक्तात उतरताहेत. पस्तिशी ओलांडेपर्यंत माझ्या हाडांत हे काम एक दिवसही न थांबता चाललं होतं. मी झोपलेली असताना, वर्गात ओरडत असताना, बाळंतपणात. मला त्याचा पत्ताही नव्हता.

पाचव्या दिवशी दोन्ही हातांना नळ्या लावून यंत्राशी निजवलं. एका हातातून रक्त जायचं, यंत्रात गरगर फिरायचं, हव्या त्या पेशी मागे ठेवून दुसऱ्या हातातून परत यायचं. ओठांना मुंग्या आल्या तर सांगा, असं यंत्र चालवणाऱ्यानं आधीच बजावलं होतं. आल्या. त्यानं कॅल्शियम दिलं, मुंग्या थांबल्या. चारेक तासांनी डोक्यावर टांगलेली पिशवी भरली. टोमॅटोच्या पातळ साराच्या रंगाचं काहीतरी, दोन पेल्यांपेक्षा जास्त नसेल.

तोपर्यंत भावाला जबर औषधं देऊन त्याच्या शरीराचा सगळा प्रतिकार मोडून ठेवला होता. गाळलेल्या हवेच्या खोलीत तो एकटा. डोक्यावर केस नव्हते. दुपारी नर्सनं ती पिशवी त्याच्या सलाईनच्या खांबाला लावली. मी काचेबाहेर उभी होते, आत-बाहेर बोलायला फोन होता.

तो पिशवीकडे बघून म्हणाला, “येवढंसंच?”

“एवढंच,” मॅडम माझ्याशेजारून फोनवर म्हणाल्या.

“पण हे त मानेतल्या शिरेच्या नळीतून जाऊन राह्यलं. हाडात कसं जाईन? रस्ता कोण दाखवते त्याईले?”

मला वाटलं मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. “कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “रक्ताबरोबर त्या हृदयातून जातात, फुप्फुसातून जातात, सगळ्या अंगभर फिरतात आणि मज्जेपाशी आल्या की थांबतात. मज्जा त्यांना खुणावते, त्या खुणा कोणत्या ते बरंचसं कळलंय. सगळं कळलेलं नाही, जगभर लोक अजून शोधताहेत. पण पोचतात, हे मी इतकी वर्षं रोज बघते आहे.”

थेंब पडत होते. मी आजवर ज्या ओळीखाली रेघा मारायला लावल्या ती ओळ माझ्यासमोर त्याच्या अंगात शिरत होती, आणि मी हात जोडले होते हे मला नंतर आईनं सांगितलं.

मग वाट बघणं. रोज सकाळी नर्स पांढऱ्या पेशींचा आकडा काचेवर लिहायची. पहिले दोन आठवडे तो जवळजवळ शून्य. तोंड आतून सोललेलं, पाणी गिळवत नव्हतं. आई आकडा वाचायची नाही, फक्त नर्सच्या तोंडाकडे बघायची. सोळाव्या दिवशी आकडा किंचित हलला. सतराव्या दिवशी दुप्पट. नर्स लिहून झाल्यावर तिथेच उभी राहिली. तिलाही जावंसं वाटत नव्हतं.

सगळं सरळ झालं असं नाही. घरी जायच्या सुमाराला त्याच्या तळहातांवर, पाठीवर लाल पुरळ उठलं. माझ्या पेशींना त्याचं अंग परकं वाटत होतं, म्हणून त्या चिडल्या होत्या. मॅडम गंभीर होत्या. औषध वाढवलं. भाऊ मला म्हणाला, “लहानपणी भांडत होती, आता आत घुसून भांडून राह्यली तू.” आठवड्याभरात पुरळ ओसरलं.

तीन महिन्यांनी नवा अहवाल आला. त्याच्या रक्तातल्या पेशी तपासल्या होत्या. त्यांची गुणसूत्रं बाईची होती, सगळीच्या सगळी. पुढे त्याचा रक्तगटही ‘ए’चा ‘ओ’ झाला. मी त्याला समजावून सांगितलं.

तो विचारात पडला. “म्हणजे मी कोन झालो मंग?”

“तूच. रक्त तेवढं माह्यं.”

“आनं तुह्यं?”

“माह्यं माह्यापाशी आहे. कमी नाही झालं.”

त्यानं आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. त्याचा उन्हात रापलेला, माझा खडूनं फुटलेला. दोन्हींवर एकसारख्या निळ्या शिरा होत्या.

वर्ष झाल्यावर मॅडमनी चिठ्ठी दिली. जुन्या रक्ताबरोबर लहानपणच्या लसींची आठवणही पुसली गेली होती, त्या आता पहिल्यापासून घ्यायच्या. काही नागपूरलाच दिल्या, एक आपल्याकडच्या दवाखान्यात मिळणार होती. लसीकरणाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाकावर आया तान्ही बाळं घेऊन बसलेल्या. त्यांच्यात हा मिशीवाला, तोंडाला मास्क लावून.

नर्सबाईंनी चिठ्ठी न उघडता विचारलं, “लेकरू कुठी हाय?”

“मीच हाव लेकरू,” भाऊ म्हणाला.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नर्सबाईंनी चिठ्ठी वाचली, परत वाचली, आणि त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग सुई तयार केली. आई पुढे झाली, त्याची बाही तिनंच वर सारली आणि दंड धरून उभी राहिली.

“पयल्या खेपेस लय रडला होता हा,” ती नर्सबाईंना म्हणाली.