एल्लै अम्मनच्या पोटावरची अक्षरं

निघताना मी गाडीत ठेवलेल्या वस्तू अशा: घडीचं स्टूल, डोळ्यांत घालायचे थेंब, मोठं भिंग, टॉर्च, मऊ ब्रश, पाण्याच्या दोन बाटल्या, दहीभात. चेन्नईत गिंडीच्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते, त्यामुळे निघाल्यावर काही आठवायची वेळ सहसा येत नाही. अप्पांचा उजवा डोळा गेलेला आहे आणि डावा हळूहळू चालला आहे. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. गुम्मिडिपूंडीच्या पुढचा तो दगड त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा होता. रविवार मोकळा होता, म्हणून रविवार ठरवला.

तो दगड म्हणजे सरकारने रस्त्याकडेला उभी केलेली खूण. कमरेइतका उंच, वर गोल, डावा कोपरा उडालेला. सरहद्दीवर कधीकाळी पलटणीचं ठाणं होतं, ते इथं होतं, एवढंच त्यावर इंग्रजीत कोरलेलं. ठाण्याची एक वीटसुद्धा जागेवर नव्हती. मागे चिंचेची झाडं आणि त्यापलीकडे मिठागरासारखी पांढरट जमीन.

माझ्या लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही मावशीकडे नेल्लूरला जायचो आणि जाताना या दगडापाशी थांबायचो. अप्पा हिशेबखात्यात होते. लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. ते दगडासमोर ताठ उभे राहत, इंग्रजी ओळी वाचत आणि मग त्याच मराठीत सांगत. आम्ही तंजावरकडचे. दाराबाहेर तमिळ, दाराआत आमची जुनी मराठी, जिच्यात 'सगळं'ला अजून 'असकं' म्हणतात. या रस्त्यावर वर्षातून एकदा तरी मराठी ऐकू यावी, असं अप्पांचं म्हणणं होतं. ऐकायला अम्मा, मी आणि चिंचेवरचे कावळे.

अम्मा तोवर डबे उघडायची. पण पानं मांडण्याआधी ती पर्समधून पितळी डबी काढून दगडाला हळद-कुंकू लावायची. गावाच्या वेशीवर एल्लै अम्मन असते, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांभाळते, आणि वेशीवर उभा असलेला कुठलाही दगड अम्माच्या लेखी तीच होती. अप्पा दरवर्षी सांगत, अग, ही देवी नव्हे, हा सरकारी दगड आहे.

"इथं शिपाई राखण करायचे ना?" अम्मा म्हणायची. "मग झालं की."

कुंकू अक्षरांत भरायचं. अप्पा रुमालाने ते पुसून अक्षरं मोकळी करत. ते गाडीकडे वळले की अम्मा पुन्हा एक बोट टेकवून यायची. मला अम्माच्या डब्यातल्या चिंचेच्या भाताची चव अजून आठवते, आणि अप्पांच्या रुमालावरचा लाल डाग, जो मावशीच्या घरी पोहोचल्यावर अम्माच धुवायची.

पुढे मावशी गेली, मग अम्मा गेली, आणि त्या रस्त्याला जायचं कारणच उरलं नाही.

रविवारी आम्ही पोहोचलो तर रस्ता दुप्पट रुंद झालेला. चिंचा नाहीत. जिथं झाडं होती तिथं टायर पंक्चरचं दुकान आणि चहाची टपरी. मी टपरीवाल्याला दगडाबद्दल विचारलं. असा दगड त्याला माहीत नव्हता. इथं फक्त एल्लै अम्मनचं देऊळ आहे, म्हणाला आणि हात दाखवला.

पत्र्याचं छप्पर, समोर त्रिशूळ, लिंबांची माळ. आत हिरव्या काठाचं पिवळं लुगडं नेसवलेला दगड. वरचा गोल भाग हळदीने इतका जाड झाला होता की मी ओळखलं नसतं. डावा कोपरा मात्र उडालेलाच होता.

आतल्या अंधुक उजेडात अप्पांना काही ओळखू आलं नाही. मी त्यांचा हात धरून त्या कोपऱ्यावर ठेवला. त्यांनी तो चाचपला आणि बराच वेळ हात तिथंच राहू दिला.

देवळाची देखभाल करणारी बाई बाजूला फुलं ओवत बसली होती. अक्षरं कुठं गेली, असं मी विचारलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. अम्मनच्या पोटावर अक्षरं आहेत, म्हणाली, शुक्रवारी अभिषेकाला लुगडं उतरवून सगळं धुतलं की स्वच्छ दिसतात. आज चंदन चढवून झालंय. आज रविवार.

सगळं आणलं होतं मी. वार विचारला नव्हता.

ती सांगत होती की रस्ता रुंद करायला माणसं आली तेव्हा मैलाचे दगड, झाडं, पलीकडचा जुना पूल, काही सोडलं नाही. पण यंत्र चालवणाऱ्याने इथं हात जोडले आणि यंत्र वळवलं. मी रस्त्याकडे पाहिलं. खरंच, तिथं रस्ता जरासा बाहेर झुकून जातो. अप्पांनी विचारलं, पहिली हळद कुणी लावली? तिला माहीत नव्हतं. ती सून म्हणून आली तेव्हा दगड पिवळाच होता. कुणीतरी जाता-येता लावायचं, असं तिची सासू सांगायची.



मी ब्रश आणि बाटली काढली. एक कोपरा, दोन ओळी, पाच मिनिटांचं काम. पुन्हा चंदन लावायला मीच मदत केली असती. बाईने नाही म्हटलं नाही. मोठ्या वयाचे आहेत, तुम्हीच ठरवा, म्हणाली, पण तिची सुई हातातच थांबली.

"ठेव ते," अप्पा म्हणाले.

"अप्पा, एवढ्या लांब आलोय. आणि तुमचा डोळा..."

"ठेव म्हटलं ना. तुझ्या अम्माचं काम आहे ते. मी फार वर्षं पुसलं."

मग ते पूर्वीसारखे ताठ उभे राहिले आणि न वाचता मराठीत सांगू लागले: या जागी सरहद्दीचं ठाणं होतं, इथं पलटण राहत असे, आता काही उरलेलं नाही. मी नकळत डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले होते, जिथं अम्मा डबे उघडायची. बाईला तो मंत्र वाटला असावा. संपेपर्यंत ती हात जोडून उभी होती. नंतर तिने पुढे केलेल्या ताटलीतलं कुंकू अप्पांनी कपाळाला लावलं. खिशातल्या रुमालाला हात लावला नाही.

गाडीत दहीभात खाताना त्यांनी विचारलं, येत्या शुक्रवारी मला काय आहे. कारखान्यात मालाची मोजणी आहे, मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू या का?

"पुढच्या महिन्याचं डोळ्याला कोण विचारणार? रजा घाल."

मी फोन काढून यादी उघडली. स्टूल, थेंब, भिंग. ब्रश खोडला.

"हळद-कुंकू लिही," अप्पा म्हणाले.

"ते तिथं मिळतं, अप्पा."

"तिथलं नको. तिच्या पितळी डबीतलं ने. आहे ना अजून?"

आहे. टी. नगरच्या घरी, देवघराच्या खालच्या खणात. मी लिहून घेतलं.