पाठीवरची मधली ओळ

वायरमनला साप आवडतात, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्याला माणसंसुद्धा आवडत नसत. पण डीपीच्या पेटीत, सबस्टेशनच्या केबलच्या खड्ड्यात, पडक्या मीटरखोलीत सापांचाच मुक्काम असतो. हात घालायच्या आधी आत कोण बसलंय हे ओळखता आलं नाही, तर संध्याकाळी घरी जाता येत नाही. म्हणून तो साप शिकला. हौस म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून.

पहिला धडा नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळाला. त्याला खांबावर चढायला शिकवणारा म्हातारा लाइनमन सबस्टेशनच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपला आणि सकाळी पोट दुखतंय म्हणत उठला. अंगावर जखम नाही, सूज नाही. सगळ्यांना वाटलं, पित्त झालं असेल. दहाच्या सुमाराला म्हाताऱ्याच्या पापण्या मिटायला लागल्या. "अरे, डोळे उघडत नाहीत," असं तो हसत सांगत होता. दुपारी तो गेला. सतरंजी झटकली तेव्हा घडीतून मण्यार निघाली.

वायरमनने ती मारली आणि तासभर तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. काळी कुळकुळीत. मानेजवळ पट्टे नसल्यासारखेच, शेपटीकडे जावं तसे पांढरे आणि ठळक होत गेलेले. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक ओळ, आजूबाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी, प्रत्येक खवला सहा कोनांचा. तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या त्याने पुढे कितीदा पाहिला. त्याचं सगळं उलटं: पट्टे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे पुसट, आणि पाठीवर मोठ्या खवल्यांची ओळ नाही. एवढं ज्याला कळलं तो वाचला. वायरमनला कळलं होतं, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं, कारण मध्ये त्याचा मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. हा सर्पमित्र. डोक्यावर खाकी टोपी, हातात साप धरायचा आकडा, आणि समोर मोबाइल धरून उभा असलेला कुणीतरी भक्त. वायरमन त्याला 'टोपी' म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी सबस्टेशनच्या कुंपणाशी जाडजूड, ठिपक्यांचा साप निघाला. वायरमन खांबावरून ओरडला, "घोणस आहे, मागे व्हा!" टोपीने साप उचलला, गळ्यात घातला आणि मोबाइलकडे बघून दात काढले. ते अजगराचं पिल्लू होतं.

"चोवीस वर्षं खांबावर चढून आमच्या दाजींना एवढंच कळलं बरं का!" टोपी म्हणाला. ते मोबाइलमध्ये आलं आणि घराघरात पोचलं. त्या दिवसापासून वायरमनचं नाव घोणसराव पडलं. पोरं ओरडायची, दुकानदार ओरडायचा, ऑफिसातला साहेब सही करताना गालात हसायचा. चूक झाली होती, हे वायरमनलाही मान्य होतं. पण चूक दाखवायची एक रीत असते. घरच्या माणसाला चव्हाट्यावर नागवं करायचं नसतं.

"लहान आहे हो तो, सोडून द्या," बायको म्हणायची.

"लहान? चौतीस वर्षांचा घोडा आहे!"

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. टोपीच्या तोंडून 'दाजी' हा शब्दच गेला. समोरासमोर आलेच तर तोही 'घोणसराव' म्हणायचा.

परीक्षा संपल्या त्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये बाकांची थप्पी हलवताना साप निघाला. मुख्याध्यापक बाईंनी टोपीला बोलावलं. साप धरून मुकाट निघून जाईल तर तो टोपी कसला? माइक आला, मुलं रांगेत बसली, मोबाइल समोर धरला गेला. वायरमन तेव्हा हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर शिडी लावून मीटरची पेटी दुरुस्त करत होता. माइकला वीजही त्यानेच नुकती चालू करून दिली होती.

"मुलांनो, हा कवड्या! एकदम गरीब, बिनविषारी!" आतून आवाज आला.

वायरमनने खिडकीतून पाहिलं आणि पक्कड त्याच्या हातातच राहिली. सापाने वेटोळं करून डोकं खाली लपवलं होतं, दिवसा मण्यार लपवते तसं. मानेजवळ नुसतं काळं. पट्टे शेपटीकडे ठळक. टोपीने बोटाने ढोसलं तसा सापाने झटकन मान काढून त्याच्या अंगठ्याला तोंड मारलं.

"बघा, चावला! काय झालं? मुंगी चावल्याइतकंही नाही!" टोपीने अंगठा सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या. त्याने साप बरणीत सोडला आणि झाकण घट्ट लावलं.

वायरमन शिडीवरून उतरून तसाच हॉलमध्ये शिरला. "ती मण्यार आहे. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "घोणसराव आले!" आणि सगळा हॉल हसत सुटला. टोपीने माइक तोंडाशी नेला. "काय हो, आज घोणस नाही का दिसली?"

"बरणी उजेडात धर. पाठीची मधली ओळ बघ. मोठे खवले आहेत, सहा कोनांचे."

"आधी चष्म्याचा नंबर बघून या!"

"बाई, हा माणूस मरेल," वायरमन म्हणाला.

"अहो, असं अभद्र काय बोलता मुलांपुढे?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या मीटरचं बघा ना."

तो बाहेर आला. मोटरसायकलपाशी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मर मग." म्हटल्यावर त्याला बरंही वाटलं. तीन वर्षं ज्याने रस्त्याने मान वर करून चालू दिलं नाही, तो आता स्वतःच्या तोंडाने मरायला बसला होता. यात वायरमनचा काय दोष? शंभर पोरांसमोर सांगून झालं होतं.

पण मग त्याला म्हाताऱ्या लाइनमनचे डोळे आठवले. आणि बायको आठवली. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, हा चार वर्षांचा. तिने त्याला कडेवर घेऊन शाळा केली, कडेवर घेऊन पाणी भरलं. हा गेला तर ती जेवणार नाही, झोपणार नाही, आणि 'तुम्ही तिथेच होतात ना?' असं एकदा विचारेल. त्यापुढे घरात राहायचं कसं?

खरं सांगून उपयोग नव्हता. खऱ्याची किंमत त्याने स्वतःच त्या अजगराच्या पिल्लापायी घालवली होती. तो परत आत गेला. टोपीच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "तुझी ताई पडली. शुद्धीवर नाही. मोठ्या दवाखान्यात नेलंय."

माइक टेबलावर आपटला. टोपी धावत सुटला तो थेट मोटरसायकलपाशी. दारात त्याची टोपी पडली, ती उचलायलाही तो थांबला नाही. "दाजी, काय झालं तिला? दाजी, चला ना!"

बरणीला कुणी हात लावू नका, एवढं बाईंना बजावून वायरमनने गाडीला किक मारली. तीन वर्षांनी आलेला तो 'दाजी' त्याला आवडला नाही. स्वतःच्या जिवासाठी जो जागचा हलला नाही, तो बहिणीचं नाव ऐकताच अनवाणी पळाला असता. ह्या माणसात काहीतरी चांगलं आहे हे वायरमनला नकोच होतं. त्याचा नुसता संताप झाला.

दवाखाना तीस किलोमीटर. टोपी मागे बसून प्रश्नावर प्रश्न विचारत होता. सकाळी ती बरी होती का? डोकं दुखत होतं का? मला फोन का नाही केलात? एक खोटं टिकवायला वायरमनला दहा खोटी रचावी लागली. अर्ध्या वाटेवर टोपीचा आवाज जड झाला.

"दाजी, समोरचा ट्रक दोन-दोन दिसतोय."

वायरमनने गाडी थांबवली. मागे वळून पाहिलं तर टोपीच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. वायरमनने गाडीला अडकवलेल्या पिशवीतून खांबावर चढायचा जाड पट्टा काढला, टोपीच्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटावर आवळून बांधला आणि गाडी सोडली. ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्याची हनुवटी आता खांद्यावर आपटत होती आणि लाळ शर्टावर गळत होती.

"ताई..." टोपी पुटपुटला.

"गप बस. श्वास घे."

स्ट्रेचरवर घेताना डॉक्टरांनी विचारलं, "कोणता साप?"

"मण्यार," वायरमन म्हणाला.

"कव... ड्या," स्ट्रेचरवरून जड जिभेने उत्तर आलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो असा. डॉक्टरांनी बोटाने त्याची पापणी उचलली, ती आपोआप खाली पडली, आणि पुन्हा काही न विचारता ते औषधाच्या बाटल्या मागवायला लागले. तासाभरात घशात नळी गेली आणि श्वास यंत्रावर आला.

दुपारी बायको बसने पोचली. नर्सने तिला सांगितलं होतं की त्याला सगळं ऐकू येतंय, फक्त डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही. पलंगाशी उभं राहून तिने नवऱ्याकडून सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या नावाने असलं खोटं बोलवलं तरी कसं तुम्हाला?"

"दुसरं काय सांगितलं असतं तर तो आला असता?"

तिने भावाच्या पायाचा अंगठा मुठीत धरला आणि रडायला लागली. टोपीच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होतं. वायरमनने ते पाहिलं आणि तो बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला.

पाचव्या दिवशी नळी काढली. टोपी घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला ते असं: "ताईच्या जिवावर खोटं बोललात, घोणसराव. हे मी विसरणार नाही."

"नको विसरू," वायरमन म्हणाला आणि कामावर गेला. त्याच्या रजा संपल्या होत्या. बायकोही पुढे पंधरा दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर त्याच हॉलमध्ये टोपीचा कार्यक्रम ठरला. मीटरची पेटी पुन्हा तडतडत होती, म्हणून शिडीवर वायरमनही होता. आत टोपीने मोठं चित्र लावलं होतं, डोक्यावर नवी टोपी होती.

"मुलांनो, मण्यार ओळखायची तर पाठीची मधली ओळ बघायची! मोठे खवले, सहा कोनांचे! हे मला कुणी शिकवलं? कुणी नाही. माझ्या स्वतःच्या अभ्यासातून!"

"चोर लेकाचा," वायरमन म्हणाला आणि त्याचा हात माइकच्या फ्यूजवर गेला. ओढणार तेवढ्यात तो थांबला. पुढच्या रांगेतली पोरं वहीत लिहून घेत होती आणि टोपीचं अजून अर्धंच झालं होतं.

"आणि पट्टे? मानेजवळ नसल्यासारखेच, शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं बरोबर उलटं."

वायरमनने शब्दन् शब्द ऐकला. कुठेही चूक नव्हती. मग त्याने फ्यूज ओढला.