अँपच्या व्हॉल्व्हची जोडी

अँपचा एक व्हॉल्व्ह गेला होता. मी दोन्ही काढले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. नवे हातात यायच्या आधी, आणि जुन्यांवर काय लिहिलंय ते न वाचता.

साऊंडच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसानं असं करू नये. मी केलं, आणि वर ऐटीत केलं. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. जुन्या पद्धतीच्या गिटार अँपमध्ये आवाजाला ताकद देणारे हे काचेचे व्हॉल्व्ह जोडीनं काम करतात. एक बदलला की दुसराही बदलावा, म्हणजे दोघांची चाल सारखी राहते. तेवढंच ठाऊक होतं, पुढचं नव्हतं. दुसरा ठणठणीत होता. जोडीला कुठूनही एखादा जुना मिळवला असता तर अँप चार दिवसांत बोलायला लागला असता. पण घंटागाडी दारात आली, गाणं वाजवत उभी राहिली, आणि मी हातातलं सगळं तिच्यात टाकून मोकळा झालो.

अँप माझा असता तर ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. तो माझ्या मित्राचा होता. मित्र कापड्याचा, मी महाडचा. माझं मंडप आणि साऊंडचं दुकान, त्याची भातशेती आणि गिटार. महाड-पोलादपूरच्या हळदी, गणपती, शिमगा असं सगळं आम्ही मिळून वाजवलं. म्हणजे त्यानं वाजवलं, मी मागे उभा राहून वायरी बघितल्या आणि कुणी स्पीकरवर बसलं की ओरडलो. मुंबईत नोकरीला होता तेव्हा त्यानं तो अँप कुणाकडून तरी जुना घेतला आणि गावी परत येताना बायकोच्या कपाटाऐवजी टेम्पोत तो घातला. वहिनी हे कधी विसरल्या नाहीत. वजन असं की दोघांनी उचलायचा आणि तिसऱ्यानं शिव्या द्यायच्या. त्याच्यापेक्षा हलके, नवे, बटणावर शंभर आवाज काढणारे अँप मी त्याला दाखवले. तो म्हणायचा, "शंभर आवाज मला काय करायचेत? माझा एकच हाय, तो निघू दे."

तो आवाज निघायचा खरा. हळू वाजवला की गोल, गुळगुळीत. जोरात तार ओढली की दूध उतू जाताना वर येतं तसा वर यायचा आणि काठावर किंचित फाटायचा. त्या फाटण्यासाठीच तो वाजवायचा. हळदीत नाचणाऱ्यांना त्यातलं काही कळत नसे, पण आवाज तिथे आला की हात वर जायचे.

उमरठच्या एका हळदीत अँप खरखरला आणि गप्प झाला. मी दुकानात आणला. घाई नव्हती, लग्नसराई संपत आली होती. पुढे पावसाळा लागला, गणपती आम्ही माझ्याकडच्या नव्या अँपवर भागवले आणि तो जुना तसाच फळीवर राहिला. त्या गणपतींतच मित्राच्या पोटात दुखायला लागलं. आधी पोलादपूर, मग महाड, मग मुंबई. मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं, शिवलं आणि सांगितलं, घरी न्या.

भातकापणी चालू असताना तो कापड्याला परत आला. मी भेटायला गेलो तर ओटीवर खाटेवर पडलेला, गिटार डोक्याशी खुंटीला टांगलेली. चेहऱ्यात नाकच तेवढं जुनं राहिलं होतं. बरा आहेस का, हे विचारायचं नाही असं ठरवून मी गेलो होतो, आणि गेल्या गेल्या तेच विचारलं.

"बरा असतो तर शेतात नसतो काय?" तो म्हणाला. "अँप कुठाय माझा?"

"दुकानात."

"झाला?"

"होतोय."

"मग आण. मला एकदा वाजवायचाय. बोटं चालतात तवर."

दुसरं काही मागितलं नाही त्यानं. औषध नाही, पुण्याचा डॉक्टर नाही, देव नाही. मी छाती ठोकून सांगितलं की आठवड्यात आणतो. परत आलो, अँपचं मागचं झाकण काढलं आणि त्याच दिवशी ते दोन्ही व्हॉल्व्ह घंटागाडीला दिले.

मग नवे मागवायला बसलो तेव्हा कळलं की त्याच मापाचे, त्याच पायांचे व्हॉल्व्ह रशियाचे येतात, चीनचे येतात, स्लोव्हाकियाचे येतात, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो म्हणे. जुने कुठले होते? मला आठवेना. काचेवर काहीतरी पांढरं, पुसट लिहिलेलं होतं, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. एक दाढीवाला सांगायचा, रशियन घ्या. दुसरा दाढीवाला सांगायचा, रशियन अजिबात घेऊ नका. मी तिन्ही देशांची एकेक जोडी मागवली. कुरियर महाडपर्यंतच येतं, आणि तेही त्याला वाटेल तेव्हा.

तिन्ही आल्या आणि माझी तुलना सुरू झाली. जोडी लावायची, आतला स्क्रू फिरवून तिचा करंट बसवायचा, तापू द्यायची, दुकानात पडून असलेली एक जुनी गिटार वाजवायची, मोबाईलवर आवाज टिपायचा, थंड व्हायची वाट बघायची, काढायची, दुसरी लावायची. थंड व्हायची वाट न बघता काढली की बोटं भाजतात, हेही मी एकदा नाही, प्रत्येक देशाकडून शिकलो. गिटार मला येत नाही. मित्रानं कधीतरी दोन कॉर्ड शिकवले होते, त्यातला एक मी विसरलो. उरलेला एक मी दिवसभर वाजवायचो.

शेजारचा मेडिकलवाला एके दुपारी येऊन दारात उभा राहिला.

"शेठ, गाणं कधी सुरू होणार?"

"टेस्टिंग चाललंय."

"चालू द्या, चालू द्या. डोकेदुखीच्या गोळ्या चांगल्या खपतायत."

रशियन जोडीचा आवाज भरदार होता, पण आळसावलेला, जेवून उठलेल्या माणसासारखा. चिनी लख्ख होती, एकेक तार सुटी ऐकू यायची, पण नव्या चपला घालून लग्नाला आल्यासारखी अवघडलेली. स्लोव्हाकियाची सुरुवातीला गोड, जोरात वाजवली की फाटायची, पण मित्राच्या जागी नाही, जरा आधीच. मी ते आवाज त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचो. खाली लिहायचो, पहिला ऐक, मग दुसरा ऐक, तळाचा आवाज बघ. तो त्या मोबाईलच्या एवढ्याशा भोकातून काय ऐकत असेल! त्याचं उत्तर यायचं, बोलून पाठवलेलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक आवाजात. "चांगला हाय. आण." पुढचा पाठवला की, "हा पण चांगला हाय. आण."

मला वाटायचं, हा मन राखायला बोलतोय. याच्या कानाला मी ओळखतो, याला असा-तसा आवाज देऊन चालणार नाही.

सांगितलेला आठवडा गेला. मग पुढचा रविवार म्हणालो. त्या रविवारी पोलादपुरात साखरपुडा निघाला. त्याच्या पुढच्या वेळी मी गेलो खरा, पण अँप न घेता. तिन्ही जोड्यांचे खोके टॉवेलात गुंडाळून नेले, म्हटलं यालाच निवडू दे. जेवायला काय करू, असं आचाऱ्यानं कच्च्या भाज्या घेऊन विचारायला यावं, तसा मी गेलो.

वहिनी त्याला चमच्यानं पेज पाजत होत्या. माझ्या हातातलं बोचकं बघून त्यांचा चेहरा उजळला, मग बोचक्याचा आकार बघून पडला.

"भावजी, अँप नाय आणलात?"

"जोडी ठरली की आणतो, वहिनी."

मित्रानं एक व्हॉल्व्ह हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. हात थरथरत होता, म्हणून मी खालून माझा हात धरला. व्हॉल्व्हसाठी धरला, हेही सांगून टाकतो.

"ह्यात काय दिसत नाय रे," तो म्हणाला.

"दिसत नाही, ऐकायचं असतं."

"मग ऐकव की."

मी त्याला करंट बसवण्यातल्या अडचणी सांगू लागलो. त्यानं मध्येच थांबवलं.

"येड्या, अँप झाला की मी मरेन असं वाटतंय काय तुला?"

वहिनींचा चमचा वाटीत थांबला. मी म्हणालो, "काहीतरी बोलू नकोस. करंट खरंच बसत नाही." तो हसायला लागला, हसताना पोट दुखलं म्हणून थांबला, आणि डोळे पुसत म्हणाला, "बस जरा. ठेव ते डबे खाली."

मी बसलो. डबे खाली ठेवले. पण तोंड बंद ठेवता येईना, कारण गप्प राहिलो तर त्याच्याकडे बघावं लागणार होतं. म्हणून मी व्हॉल्व्हबद्दल बोलत राहिलो. रशियन का भरदार, चिनी का लख्ख. तो झोपला तेव्हा मी स्लोव्हाकियापर्यंत पोचलो होतो. त्याचा डोळा लागलेला दिसल्यावर मी आवाज हळू केला, पण सांगायचं थांबलो नाही. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भावजी, ते झोपलेत." मी खोके उचलून महाडला आलो.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो, अँप उघडा, जोडी तापलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, या." मला कळलं. फोन खिशात ठेवला आणि मी फडकं घेऊन उभा राहिलो, व्हॉल्व्ह थंड व्हायची वाट बघत. थंड झाल्यावर ते काढले, पुसले, खोक्यात ठेवले, मग शटर ओढलं. त्या वेळी बोटं भाजून घ्यायला हवी होती, तर नेमकी त्याच दिवशी मी काळजी घेतली.

दहाव्याला नदीवर ताडपत्री आणि खुर्च्या माझ्याच होत्या. टेम्पोत जनरेटर होता, कारण मी आदल्या दिवशीच्या एका पूजेचं सामान उतरवलं नव्हतं. आणि अँप होता. क्रियेनंतर तो वहिनींच्या घरी पोचवायचा, म्हणून व्हॉल्व्हच्या खोक्यांसकट टेम्पोत चढवला होता. गिटार मी अंत्यसंस्काराच्या दिवशी त्यांच्या घरून निघताना खुंटीवरून मागून घेतली होती. कशाला, ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

भटजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरकले. समोरच्या उंबरावर कावळे भरपूर होते. खाली कुणी येईना. मेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. त्याच्या मेव्हण्यानं हात जोडून सांगितलं, शेत पडीक ठेवणार नाही. वहिनी म्हणाल्या, आईंना अंतर देणार नाय. त्याची आई दगडावरच बसून पाण्याकडे बघत होती. एक कावळा फांदी बदलून खालच्या फांदीवर आला, मान तिरकी केली आणि तिथंच थांबला. ऊन चढलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "गिटार राहिली त्याची." बस, एवढंच. कुणी मला काही करायला सांगितलं नव्हतं. पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्यासारख्या मला वाटल्या आणि मी धावत सुटलो.

टेम्पोतून अँप एकट्यानं ओढून काढला. पाठीत जे काही मोडलं ते अजून बरं झालेलं नाही. खोके रस्त्यातल्या खड्ड्यांनी उघडून व्हॉल्व्ह एकमेकांत मिसळले होते. कुठला कुठल्या देशाचा ते बघायला वेळ नव्हता. हाताला लागले ते दोन खोचले. एक उंच होता आणि एक बुटका, म्हणजे ती कुठलीच जोडी नव्हती. करंट बसवला नाही. जनरेटरची दोरी ओढली. तो धडधडायला लागला, तसे भटजी माझ्याकडे वळले आणि हातानं काय म्हणून विचारू लागले. मी हातानंच सांगितलं, थांबा, तापू द्या.

इतके दिवस तापू दे, थंड होऊ दे करण्यात घालवले, पण त्या अर्ध्या मिनिटाएवढं काही लांबलं नाही. काचेत तांबूस उजेड आला. मी गिटार गळ्यात घातली. पट्टा त्याच्या मापाचा होता, गिटार माझ्या गुडघ्यापर्यंत खाली आली. मी डोळे मिटले. त्याला म्हटलं, घे बाबा, ऐक. आणि येत होता तो एकुलता एक कॉर्ड सगळ्या ताकदीनं वाजवला.

आवाज निघाला. वर आला आणि काठावर फाटला, अगदी त्याच्या जागी. निदान मला तसं वाटलं. मी शपथेवर सांगत नाही, माझा भरवसा नाही.

डोळे उघडले तर उंबराचं झाड मोकळं होतं. एकही कावळा नव्हता. सगळे मिळून काव काव करत नदीपलीकडच्या डोंगराकडे निघाले होते. भटजी हातात दर्भ धरून तसेच उभे. मेव्हणा तोंडावर उपरणं धरून हसतोय की रडतोय ते कळेना. जनरेटर धडधडतच होता. मी दुसऱ्यांदा वाजवायला हात उचलला, कारण थांबल्यावर काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

त्याची आई दगडावरून उठली. हळूहळू चालत माझ्यापर्यंत आली, माझा उचललेला हात मनगटाला धरून खाली केला आणि म्हणाली, "जिता होता तवर त्याला ताटकळत ठेवलास. आता कावळ्याला तरी नको ठेवू रे."